परक्याच्या दराने

आई, कडावचं घर काल माझ्या नावावर झालं. वारसाने नाही, वाटणीने नाही. विकत घेतलं. तुझ्या लेकाकडून, बाजाराच्या दराने, सरकारचा सगळा कर भरून. हे ऐकून तुला राग येईल की हसू, ते मला ठरवता येत नाही. बहुधा आधी तू पदर सारखा करशील, मग "आपल्याच घराला पैसं मोजलंस? खुळी झालीस का गं?" म्हणशील, आणि मी काही बोलायच्या आत जेवलीस का ते विचारशील. जेवले. स्वतःच्या घरात, एकटी, डबा उघडून. सामान अजून खोपोलीच्या भाड्याच्या खोलीत आहे. त्या खोलीत तू एकदाच आली होतीस आणि भिंतीला हात लावून "ओल हाय गं" म्हणाली होतीस. तुला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही. पण जे कळलं ते दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. भावाला सांगावं तर तो रडतो, हल्ली तो कशावरही रडतो. मुलीला सांगावं तर ती म्हणते, "आई, जाऊ दे ना आता." जाऊ देण्याचा मला कंटाळा आला आहे, म्हणून तुला लिहिते आहे.

तो दिवस तुला आठवत असेलच. बाबा जाऊन वर्ष झालं होतं. घर आजोबांपासूनचं, म्हणून बाबांच्या जागी आपल्या तिघांची नावं लागली होती, तुझं, माझं आणि धाकट्या भावाचं. तुझ्या जावयांचा कारखाना बंद पडला होता आणि मी खालापूरकडच्या एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला लागले होते. खोलीचं भाडं वाढत होतं, पगार वाढत नव्हता. एकच गोष्ट मनाशी धरून मी कडावला आले होते, मागली पडवी मागायची. तिला वेगळं दार होतं, पुढे परस, आणि परसातून थेट रस्त्याला निघता यायचं. माझा वाटा घरात होताच. त्यात तुझा आला असता तर पडवी आणि न्हाणी धरून आमचा तिघांचा संसार तिथे मावला असता. फार मोठं मागणं नव्हतं. पण सासरी गेलेल्या मुलीने माहेरी येऊन भिंतीकडे बोट दाखवायचं, ही गोष्टच आपल्याकडे होत नाही, त्यामुळे सगळ्या वाटेने मी वाक्य जुळवत आणि मोडत आले होते.

मी चुलीपाशी बसते. तू तांदळाच्या पिठाची उकड मळते आहेस, पाण्याचा हात लावत, आणि तुझ्या बांगड्या परातीच्या काठावर वाजताहेत. मी एकदम बोलून टाकते. आये, तुझा हिस्सा माझ्या नावावर कर, मागली पडवी मला दे. तू मळायची थांबत नाहीस. भाकरी थापतेस, तव्यावर टाकतेस, वरून पाणी फिरवतेस आणि मग म्हणतेस, "द्याया काय, आता देईन. पन सरकार लाख मागतंय. कुटून आनू?" मी विचारते, कोण म्हणालं? तू सांगतेस, बंगलेवाला. गावाबाहेर मुंबईच्या कुणीतरी जागा घेऊन बंगला बांधला होता आणि तू त्याच्याकडे दूध घालायचीस, तो. जागा नावावर करताना सरकारात लाखावर भरावे लागले, म्हणून तो ओसरीवर बसून आल्यागेल्याला ऐकवायचा. तू ते ऐकून आली होतीस आणि गाठ मारून ठेवलं होतंस. "त्यांच्यासारक्या मानसाला जड गेलं गं, मी कुटं पुरनार?" मी म्हणते, मग धाकट्याच्या नावावर करायचं चाललंय ते कसं? तू भाकरी उलटतेस. "ते सोडनं हाय. सोडायला काय लागत नाय. द्यायला लागतं."

मला तो बहाणा वाटला, आई. लेकाला द्यायचं आधीच ठरलंय आणि माझ्यासमोर सरकारला उभं केलंय, असं वाटलं. मी पुढे एक शब्द विचारला नाही. विचारायला हवं होतं. कर्जतला जाऊन कुठल्याही वकिलाच्या दारात उभं राहून विचारता आलं असतं, तेवढं शिक्षण मला होतं. पण तुझ्या नकारात पैशाचं कारण आहे यावर माझा विश्वासच बसला नाही, मग खरं-खोटं करायला जाणार कोण? मी जेवले, ताट धुतलं आणि परतीची एसटी धरली. तू दारापर्यंत आलीस. परसातल्या दोडक्यांची पिशवी माझ्या हातात दिलीस आणि मी ती घेतली.

मग सहीचा दिवस. कर्जतचं रजिस्ट्रेशनचं ऑफिस, बाहेर बाकडी, आत फायलींचा वास. तुझा हिस्सा मिळणार नव्हता, मग मीही माझा धरून ठेवला नाही; तुझा हक्क आणि माझा हक्क, दोन्ही एकाच कागदावर धाकट्यासाठी सोडले. शे-दोनशेचा मुद्रांक लागला, बस. तुझा अंगठा, माझी सही. मला ते लवकर उरकायचं होतं, म्हणून सही कशीबशी ओढली, आणि त्या सगळ्या माणसांत तू मला दटावलंस, "नीट कर गं सही, साळंत घातलीवती ना तुला?" टेबलामागचा माणूस हसला. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. रागाने की लाजेने ते अजून कळत नाही. बाहेर आल्यावर धाकट्याने साडी दिली, पोपटी, काठ चांगले होते. हक्क सोडणाऱ्या बहिणीला भावाने साडी द्यायची, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतं. तू ती साडी उलगडून काठ तपासलास आणि मान डोलावलीस, जसा काही सौदा नीट झाला. मग आपण तिघांनी स्टेशनाबाहेर वडे खाल्ले. खाता खाता तू मला म्हणालीस, "मागली पडवी तुजीच हाय हां. कागदावर काय का असंना." मी "हो" म्हटलं. ती साडी मी नेसले नाही. पुढे तिची गोधडी झाली.

त्यानंतर मी कमी येत गेले. भांडण नाही, तंटा नाही. गणपतीला यायचे, भाऊबीजेला यायचे, दुसऱ्या दिवशी कंपनी आहे म्हणून निघायचे. कंपनी असायचीच, खोटं नव्हतं ते. पण सुट्टी मागितली असती तर मिळाली असती. मागल्या पडवीत तू माझ्यासाठी घडीची चटई आणि पाण्याचा तांब्या ठेवायचीस आणि मी पुढच्या खोलीत वहिनीशेजारी अंग टाकायचे. एकदा तू विचारलंस, "रागावलीस का गं माज्यावर?" मी म्हटलं, छे, कशाला? तू पुन्हा विचारलं नाहीस. तू गेलीस तेव्हा मी दुसऱ्या पाळीला होते, निरोप मिळून येईपर्यंत उशीर झाला होता. मला तुझी आठवण आली की आधी तो "छे" आठवतो. आपण दोघी बोललो असतो तर काय झालं असतं ते मला माहीत नाही, पण ती वर्षं तरी अशी पाहुण्यासारखी गेली नसती. याचं मला फार वाईट वाटतं, आई. इतकं की कधी कधी चहा उतू जातो आणि मी समोर उभी असते.

आता घराचं. धाकट्याचे गुडघे गेले. वहिनीलाही होत नाही. त्यांच्या मुलाने बदलापूरला फ्लॅट घेतलाय, हप्ते चालू आहेत, आणि आईबापांना तो तिकडे बोलावतो आहे. घर विकून त्याच्या कर्जाला हातभार लावायचा असं ठरलं. आपल्याकडे आता घर विकायला काढलं की दुसऱ्या शनिवारी गाड्या येतात. एक जोडपं आलं, त्यांना होमस्टे करायचा होता. बाईने तुझ्या चुलीचा फोटो काढला, वाकून, आतून, बाजूने. चूल तशीच ठेवू म्हणाली, लोकांना आवडते. धाकट्याने मला फोन केला तो त्या रात्रीच. "ताय, मागली पडवी तुजी हाय म्हनून ईचारतो. ते लोक सगळंच घेनार म्हंतात. काय करू?" इतक्या वर्षांत त्याने ती पडवी भाड्याने दिली नव्हती की तिच्यात लाकडं भरली नव्हती. आईने सांगितलंय, एवढंच त्याचं म्हणणं. मी विचारलं, ते किती देताहेत? त्याने सांगितलं. मी म्हटलं, तेवढेच मी देते. तो म्हणाला, "तुज्याकडनं पैसं कसं घेऊ गं?" मी म्हटलं, हाताने घे. कंपनीचा फंड होता, तुझे जावई गेल्यावर आलेली विम्याची रक्कम मी मोडली नव्हती. पडवीचे पैसे वजा कर असं तो सांगत राहिला आणि मी ऐकलं नाही. उपकाराच्या खोलीत राहायचं असतं तर तेव्हाच राहिले असते.

वकील म्हणून भावाच्या ओळखीतली एक मुलगी होती, कर्जतलाच बसते, मला काकी म्हणते. आम्ही भाऊबहीण तिच्यासमोर खुर्च्यांवर बसलो. भावाने दबक्या आवाजात विचारलं, "म्याडम, घरातल्या घरात येव्हार हाय. किंमत जरा कमी दाखवली तर कर कमी लागंल ना?" ती म्हणाली, काका, तसं चालत नाही. सरकारने प्रत्येक गावाचा दर ठरवलेला असतो. तुम्ही कागदावर लिहाल ती किंमत आणि त्या दराने येणारी किंमत, यातली जी मोठी असेल तिच्यावर मुद्रांक शुल्क बसतं. आणि खोटी किंमत लिहिणं हा वेगळा गुन्हा. मग मी विचारलं, बहीण आहे म्हणून काही सवलत? ती म्हणाली, भावाने बहिणीला बक्षीस दिलं असतं तर थोडं कमी लागलं असतं, पण पैसे घेऊन देताय ना? मग ती खरेदीच. नातं कुठलंही असलं तरी. मग वहीतून वर बघून, मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, "पण काकी, बाईने एकटीच्या नावावर राहतं घर घेतलं की एक टक्का सूट मिळते हं." मी हसले. आई, मला बाई असल्याबद्दल या घरात मिळालेली ही पहिली सूट.

ते हसू ओसरायच्या आत मी तिला जुनी गोष्ट सांगितली. का सांगितली कोण जाणे. त्या काळी आईला तिचा हिस्सा मला द्यायचा होता, पण कर परवडला नाही, असं मी म्हणाले. म्हणताना माझ्या आवाजात थोडी खोच होती, भावाला ऐकू जावी इतकी. वकिलीणबाई म्हणाली, "कसला कर? तुम्ही दोघींनी हक्कसोड केलंत ना काकांच्या नावे? आजोबांपासूनचं घर, तिघंही हिस्सेदार. मग आईंनी तेच हक्कसोड तुमच्या नावे केलं असतं तरी तेवढाच मुद्रांक लागला असता. नाव फक्त बदललं असतं." मी म्हटलं, हक्कसोड तर बहिणी भावासाठी करतात. ती म्हणाली, करतात तसं. पण तसंच करावं असं कायद्यात कुठे आहे?

भावाने माझ्याकडे बघितलं. "मला म्हाईत नवतं गं ताय. आयेची शपत." त्याला माहीत नव्हतं, माझा विश्वास आहे त्याच्यावर. तुला माहीत नव्हतं. मला माहीत नव्हतं. त्या ऑफिसातल्या टेबलामागच्या माणसाला माहीत असणार, पण त्याला कुणी विचारलंच नाही. आपल्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही की हक्क सोडून तो मुलीकडेही सोडता येतो. सगळं आयुष्य बायकांना एकाच दिशेने सोडताना पाहिलेलं. तू तुझ्या माहेरी, खालापूरच्या तुझ्या भावांसाठी अंगठा दिलास, मावशीने दिला, आजीने न विचारताच सोडलं. मुलीला द्यायचं म्हटल्यावर तुझ्यासमोर आला तो बंगलेवाला. त्याने भरलेला कर तू माझ्यावर लावून पाहिलास. तो मुंबईहून आलेला, अनोळखी माणसाकडून जागा घेणारा, आणि मी तुझ्या पोटची. तरी हिशोबाला तू मला त्याच्या शेजारी बसवलंस, परक्याचा दर लावलास, आणि तो परवडत नाही म्हणून हात जोडलेस. हे तू वाईट हेतूने केलं नाहीस ते आता कळतंय, आणि त्यानेच जास्त लागतं. राग धरायला काहीतरी होतं तोवर बरं होतं. आता नुसती तू चुलीपाशी बसलेली दिसतेस, लाख कुठून आणायचे या विचारात पडलेली, आणि मी समोर तोंड फुगवून जेवते आहे.

तर असा तो दर शेवटी मी भरला. काल ऑफिसात पाहिलं, आता अंगठाही यंत्रावर आणि फोटोही तिथल्या तिथे, तू असतीस तर पदर नीट करायला वेळ द्या म्हणून अडून बसली असतीस. जिल्हा परिषदेचा अधिभार, नोंदणीची फी, सगळं आधीच भरलेलं. भाऊ सही करताना थांबला, "आपल्या घराची सरकारला एवढी खंडनी?" म्हणाला, आणि मग केली सही. माझी मुलगी पनवेलहून आली होती, साक्षीदार म्हणून. काम झाल्यावर आम्ही बाहेर उभे होतो तेव्हा वकिलीणबाई म्हणाली, "काकी, एक सुचवू? हे घर लगेच मुलीच्या नावे बक्षीस करून ठेवा. आईकडून मुलीला राहतं घर द्यायला मुद्रांक अगदी नाममात्र लागतो. पुढची धावपळ वाचेल." तिचं सांगणं चुकीचं नव्हतं. ती जुनी गोष्ट निघाल्यापासून मी तिच्यासमोर आणि मुलीसमोर हेच तर म्हणत होते, आईला एवढं कळलं असतं तर तिने मला क्षणात दिलं असतं. भाऊ माझ्याकडे बघत होता. मुलगी फोनकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हटलं, "बघू."

मुलगी लगेच म्हणाली, "हो ना, घाई काय आहे." चांगल्या मनाची आहे ती. पण क्षणभर तिचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं, आणि तो चेहरा मला आतून ठाऊक होता. आई, माझ्या आड कुठलाही कर आला नव्हता. कुणी लाख मागितले नव्हते, कुणी काही चुकीचं कानावर घातलं नव्हतं, समोर वकील उभी होती आणि खर्च वड्याचहापेक्षा थोडा जास्त. तरी मला देववलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा छप्पर माझ्या नावाचं झालं होतं आणि ते तासभर तरी माझं राहावं असं वाटलं. मुलीवर माझा जीव नाही असं कोण म्हणेल? मग इथे पडवीत येऊन बसल्यावर मनात आलं, की त्या दिवशी कुणी तुला खरा दर सांगितला असता, तरी तूही भाकरी उलटत "बघू"च म्हणाली असतीस कदाचित. तुझ्याही नावावर पहिल्यांदाच काही लागलं होतं. पण मग ते धाकट्यासाठी तुला इतक्या सहज कसं सुटलं, ते मला विचारावंसं वाटतं आणि विचारायची भीतीही वाटते. हे मी भावाला सांगणार नाही, मुलीलाही नाही. त्यांना मी म्हणत राहणार आहे की आईला माहीत नव्हतं, नाहीतर दिलं असतं.